पाचव्या खांबाचा साक्षीदार

"फेकायची नाही गं मुंगे, सोडायची. हाताला कळायच्या आत ती निघून गेली पाहिजे."

अकरा वर्षांपूर्वी दादाने सांगितलेलं हे वाक्य मनात म्हणत तिने उजव्या हाताची दोन बोटं भिंतीवर टेकवली आणि हळूहळू वर चालवायला सुरुवात केली. छातीपर्यंत काही वाटलं नाही. हनुवटीपाशी खांद्यात चमक आली. कपाळाच्या उंचीला पोचताना तिने ओठ घट्ट मिटून घेतले. कालच्या पेन्सिलीच्या रेघेच्या बोटभर वर बोटं टेकली, तेव्हा डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. डाव्या हाताने तिने तिथे नवी रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि हात सावकाश खाली आणला.

बावीस झाले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिवसाला वीस सांगितले होते. ती पस्तीस करत असे.

मागच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, ती मेणात एकेक दात बसवायची, मग घासून-पुसून चकचकीत करून परत पाठवायची. खांद्याजवळचं हाड मोडल्यापासून घासायचं काम बंदच होतं. कोपर टेबलावर टेकवून जेवढे दात बसवता येतील तेवढे ती बसवत होती. "काम कमी असलं तर काय झालं," नवरा म्हणायचा, "दिवसभर बत्तीस जण तुझ्याकडे बघून हसतायत की."

खोलीच्या दारामागे खुंटीवर दोन पिशव्या टांगलेल्या होत्या. निळी तिची, करडी दादाची. नऊ आठवड्यांत तिने दोन्हींपैकी एकीलाही हात लावला नव्हता.

हाड मोडलं ते खेळतानाच. रात्री पाऊस होऊन गेला होता, आठव्या खांबासाठी जिथून फेकायचं त्या ओट्यावर शेवाळं धरलं होतं, आणि डिस्क सोडताना तिचा पाय निसटला. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना तो सांगायला दोन वाक्यं पुरतात: झाडांतून, उतारावरून, तळ्याच्या काठाने अठरा लोखंडी खांब उभे केलेले असतात, प्रत्येकाला साखळ्यांची झालर आणि खाली जाळीची टोपली. ताटलीएवढी डिस्क फेकत फेकत त्या टोपलीत घालायची, आणि कमीत कमी फेकींत घालायची. एवढंच. पण या एवढ्याशासाठी ती आणि दादा अकरा वर्षं प्रत्येक रविवारी उजाडता उजाडता घराबाहेर पडत होते. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर अंधाऱ्या बोगद्यांत लोंबकळून झालं की त्याला आभाळ लागायचं. तिला काय लागायचं ते तिने कधी शोधलं नाही. साखळ्या खळखळल्या की आत काहीतरी जागच्या जागी बसायचं, एवढं मात्र तिला कळायचं.

नवऱ्याला हे कधी पटलं नाही. त्याचं औषधांचं दुकान होतं आणि कुठल्याही रोगाला त्याच्याकडे नाव होतं. "थाळीज्वर," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "आमच्या घरात दोघांना झालाय. बायकोला आणि मेव्हण्याला. औषध निघालेलं नाही अजून."

हाड जोडल्यावर दवाखान्याच्या बाकावर बसून दादाने तिच्या गळ्यातल्या झोळीकडे पाहिलं होतं. मग उठून बाहेर जाऊन तो गाडीतली आपली करडी पिशवी घेऊन आला होता आणि ती तिच्या मांडीवर ठेवली होती.

"ही तुझ्याकडे राहू दे."

"मी काय करू हिचं?"

"ठेवून दे. तू पहिली डिस्क टाकशील ना, त्यानंतर मी हात लावीन. तोवर नाही. शब्द."

"अरे, तीन महिने म्हणतायत डॉक्टर."

"म्हणू देत. शब्द म्हणजे शब्द."

तिने मान खाली घातली होती. दादा सिगारेट सोडू शकला नव्हता, रागावर ताबा ठेवू शकला नव्हता, पण तिच्यासाठी रविवार सोडायला निघाला होता. तेव्हापासून हात दुखायला लागला की तिला दादाचे रिकामे रविवार दिसायचे. आपण जितक्या लवकर बऱ्या होऊ, तितक्या लवकर तो सुटेल. म्हणून पस्तीस.

दर बुधवारी तो यायचा. आधी भिंतीवरच्या रेघा बघायचा.

"कुठवर गेली मुंगी?"

"चौकटीला वीतभर राहिलंय."

"छान, छान." मग खुर्चीत टेकून मोठा सुस्कारा टाकायचा. "हात नुसते शिवशिवतात गं. परवा लिफ्टच्या खोलीत एक गोल झाकण सापडलं, तेच धरून उभा राहिलो दोन मिनिटं. पण नाही म्हणजे नाही."

"दादा, तू खेळ रे. मी काही म्हणणार नाही."

"तू नाही म्हणशील. मी मला म्हणेन ना."

नवरा चहाचा कप घेऊन खिडकीतून बाहेर बघत राहायचा. हल्ली तो दादासमोर थाळीज्वराचं नाव काढत नसे. तिला वाटलं होतं, दुखण्याने माणसं मवाळ होतात, दुखणं स्वतःचंच असावं लागतं असं नाही.

सोमवारी व्यायामवाल्या बाईंनी तिचा खांदा दाबून पाहिला आणि भुवया चढवल्या.

"सूज आहे. किती वेळा करता?"

"सांगितलं तेवढं."

"खरं सांगा."

तिला खोटं पचत नसे. "पस्तीस. कधी चाळीस."

बाईंनी हातातली वही मिटली. "म्हणजे मी इथे कशाला बसलेय? जास्त ओढलं की जास्त लवकर होतं असं वाटतं का? पुढचे आठ दिवस काही करायचं नाही. आणि इथून सुटका दोन आठवडे पुढे गेली तुमची. एवढी कुणाची घाई लागलीय?"

"आहे एकाचा नेम अडकलेला माझ्यापायी," ती हळूच म्हणाली.

"मग त्याला सांगा, थोडा दम धर."

दादाला हे कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत ती घरी आली. अजून दोन आठवडे. बिचारा. दार उघडते तोच फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, मागे पाण्याचा चुबुक चुबुक आवाज.

"ताई, तुमची थाळी सापडली."

"कुठली?"

"नारंगी. तळ्यात होती, गाळात रुतलेली. मी तळ्यावर शेवाळं काढते ना. मागे तुमचा नंबर लिहिलाय."

नारंगी डिस्क तिची सगळ्यात जुनी. दादाने पहिल्या दिवशी हातात दिलेली तीच. कडा झिजून झिजून ती इतकी मऊ झाली होती की अंगठा आपोआप एकाच खळग्यात जाऊन बसायचा.

"बाई, काहीतरी गफलत होतेय. माझी घरी आहे. मी तर दोन-अडीच महिने तिकडे फिरकलेलेच नाही."

"मग नंबर कुणी लिहिला, माशांनी?" पलीकडची बाई हसली. "या, बघा तरी. नसली तुमची तर मांजराला दूध घालीन तिच्यात. माझ्या मांजराकडे सहा आहेत."

फोन ठेवून ती दारामागच्या खुंटीपाशी गेली. निळ्या पिशवीचा बंद डाव्या हाताने सोडला. नारंगी डिस्क होती. तिने सुटकेचा श्वास टाकला, ती बाहेर काढली आणि कडेवरून अंगठा फिरवला.

रंग तोच. मागे तिचंच नाव, तिचाच नंबर. ओरखडेही होते. पण अंगठ्याला खळगा सापडेना. कड कडक होती, धारदार, दुकानातून नुकत्याच आणलेल्या डिस्कची असते तशी. तिने ती खिडकीपाशी नेली. ओरखडे सगळे एकाच दिशेने, गोल गोल, सारख्या अंतरावर. झाडावर, दगडावर आपटून असे ओरखडे पडत नाहीत. असे पडतात ते कवळी घासायच्या भुकटीने. तिने डिस्क नाकाशी धरली. रोजचाच वास. तिच्याच टेबलावरचा.

महिन्याभरापूर्वी नवऱ्याने डबीभर भुकटी मागून नेली होती. "दुकानातल्या काचेवर डाग पडलेत गं." तिला कौतुक वाटलं होतं, माणूस स्वतःहून काच पुसतोय म्हणून.

*

तळ्याची बाजू खेळाच्या मैदानाच्या मागे होती. तिथून कुणी येत नसे. एक पत्र्याची खोली, पुढे बांधलेली सपाट होडी, होडीत लांब दांड्याचं दाताळं. तिथे काम करणारी बाई तिच्याच वयाची होती, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला रुमाल. खोलीच्या भिंतीवर खिळ्यांना पंधरा-वीस डिस्क टांगलेल्या होत्या.

"ज्यांचे नंबर पुसले गेले त्या," बाई म्हणाली. "एक माझ्या डब्याचं झाकण आहे. एक पाण्याच्या पिंपावर. आणि ही तुमची."

तिने ती हातात घेतली. अंगठा खळग्यात जाऊन बसला.

मग तिने ती उलटी केली. स्वतःच्या नावाखाली, न पुसल्या जाणाऱ्या काळ्या शाईत, कुणीतरी लिहिलं होतं: पाचवा खांब, एका फेकीत. खाली तारीख. ती पडली त्यानंतरचा चौथा रविवार. त्याखाली नवऱ्याची सही, औषधांच्या चिठ्ठ्यांवर असते तशी, शेवटचं अक्षर शेपटीसारखं ओढलेलं. आणि त्याच्या बाजूला, 'साक्षीदार' लिहून, दादाची.

या खेळात एक रीत आहे. पहिल्याच फेकीत डिस्क टोपलीत पडली, तर ज्यांनी ते पाहिलं त्यांनी तिथल्या तिथे तिच्यावर सही करायची. मग ती डिस्क पुन्हा फेकायची नाही. घरी भिंतीवर लावायची. हे भल्याभल्यांना आयुष्यभर साधत नाही. तिला साधलं नव्हतं, दादाला साधलं नव्हतं. दादाने आपल्या बैठकीच्या भिंतीत दोन खिळे मारून ठेवले होते, अकरा वर्षांपूर्वी. "एक तुझा, एक माझा. आणि माझ्या डिस्कवर सही तुझीच हं, तुझ्या डिस्कवर माझी. दुसऱ्या कुणाची चालायची नाही." वहिनी दिवाणखान्याच्या दर सफाईला त्या खिळ्यांवरून कुरकुर करायची.

"ताई, बसा," तळ्यावरची बाई म्हणाली. तिने उलटी बादली पुढे सरकवली. "वाईट बातमी आहे का तिच्यावर?"

"नाही. चांगलीच आहे." ती बादलीवर बसली. "माझ्या यजमानांची."

"आणि तोंड असं का?"

तिने तळ्याकडे पाहिलं. पाण्यावर शेवाळ्याचा एक पट्टा हळूहळू काठाकडे येत होता. रविवारची मालाची मोजणी तिला आठवली. सलग सात रविवार नवरा औषधांचं रिकामं खोकं काखेत मारून पहाटे दुकानात मोजणीला जात होता. एकदा मान भाजून लालभडक झाली होती. "अहो, दुकानात बसून मान कशी भाजते?" तर म्हणाला, मागच्या खिडकीतून ऊन येतं. तिने स्वतः डाव्या हाताने मलम चोळलं होतं. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि वाटी धरायला तीच बसली होती.

थोड्या वेळाने तिने पर्स उघडली. बाईने तिचा हात धरून पर्स बंद केली.

"तसलं काही नको. एक मागू का, दुसरं?"

"मागा की."

"बारा वर्षं मी या तळ्यावर आहे. ह्या थाळ्या येऊन पडताना बघते. आधी शिट्टी घातल्यासारखा आवाज येतो, मग डुबुक, मग पलीकडे कुणीतरी स्वतःच्या नावाने बोटं मोडतं. मी काढून देते, लोक घेऊन जातात. पण फेकताना कसं वाटतं ते काही मला ठाऊक नाही. एकदा फेकून बघितली होती, तर माझ्याच होडीवर आली." ती हसली, पण डोळे तिच्याकडे लावून राहिली. "शिकवाल?"

"हात असा आहे माझा."

"घाई कुठंय? हात बरा झाल्यावर."

"बरा झाला की पहिली तुमच्याकडे येईन."

"शब्द?"

तिच्या तोंडाशी तोच शब्द आला होता. तो तिने गिळला.

"येईन," ती म्हणाली. "सकाळी किती वाजता येता तुम्ही?"

"सहाला. आठनंतर काठावर माणसं येतात."

*

बुधवारी दादा आला तेव्हा भिंतीसमोर उभा राहून गोंधळला.

"अगं, रेघ पुढे गेलीच नाही. रविवारपासून तिथेच?"

"बाईंनी थांबवलंय. सूज आली. दोन आठवडे वाढले."

"अरे देवा." तो खुर्चीत बसला. त्याचा चेहरा खरोखर पडला. "असं कसं झालं?"

तिने चहा आणला. दादाचा कप ठेवला, नवऱ्याचा ठेवला. मग आतल्या खोलीत जाऊन दोन नारंगी डिस्क आणल्या आणि दोन कपांच्या मधोमध ठेवल्या, शेजारी शेजारी, एक सुलटी, एक उलटी.

कुणी कपाला हात लावला नाही.

"हे बघ," नवरा आधी बोलला. गप्प बसणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे. "माझा काही दोष नाही. मी नाहीच म्हणत होतो. दादाच म्हणाले, भाऊजी, नुसतं चला, फिरून येऊ, मला एकट्याला बघवत नाही तिथे. गेलो. मग म्हणाले, तुम्ही टाकून बघा एखादी."

"दादा, तू शब्द दिला होतास."

"मी हात लावलेला नाही!" दादा एकदम ताठ बसला. "विचार भाऊजींना. एकदाही नाही. पिशवी तुझ्याकडे आहे, बघ, बंदसुद्धा सोडलेला नाही. मी फक्त सांगत होतो. असे उभे राहा, तसे वळा. फेकत भाऊजी होते."

"खरंय ते," नवरा म्हणाला. "पडलेली डिस्क उचलायलासुद्धा मलाच पळवायचे. उतारावर, चढावर. माझ्या गुडघ्यांना विचार."

"आणि सही?"

दादाने जबड्यांच्या फळीकडे बघितलं. "डिस्क भाऊजींनी धरली होती. मी नुसतं पेन टेकवलं."

दुसऱ्या कुठल्या दिवशी ती हसून हसून खुर्चीवरून पडली असती. आताही ओठांचा एक कोपरा हलला. तिने तो सावरला.

"घरी माझी पिशवी होती, ती उघडलीत."

"दादांच्या पिशवीला नेम होता ना," नवरा म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं.

"आणि तळ्यात कशी गेली?"

आता दादाचा आवाज बारीक झाला. "मी सांगत होतो त्यांना, ही आता फेकायची नसते. ठेवा. पण भाऊजींच्या अंगात आलं होतं. म्हणाले, आज हात चालतोय, सहावासुद्धा एकाच फेकीत मारतो."

"आणि सहाव्याला तळं आडवं येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगितलं होतं!"

"साखळ्या वाजत होत्या हो कानात. काय ऐकू येणार?" नवरा तिच्याकडे वळला. त्याचे डोळे चमकत होते, लहान मुलाचे चमकतात तसे, आणि पाच आठवडे दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "अगं, तुला काय सांगू! दादा मागून म्हणाले, भाऊजी, फेकायची नाही, सोडायची. हाताला कळायच्या आत निघून गेली पाहिजे. आणि मी सोडली. आणि गेली की गं! झाडामधून वळण घेऊन गेली, मला वाटलं गेली जंगलात, आणि खळ्ळ! दादा तर खाली बसले. रडत होते."

नवऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. आपण नेमकं काय मोडलं ते त्याला कळलं नाही, पण काहीतरी मोडलं एवढं कळलं.

ती दादाकडे बघत होती.

"ते वाक्यसुद्धा दिलंस?" तिने विचारलं.

दादाने कपाळ चोळलं. "दुसरं कसं शिकवणार? मला एकच येतं."

ती उठून भिंतीपाशी गेली. सगळ्यात खालच्या रेघेवर बोट ठेवलं आणि एकेक करत वर नेलं.

"मला वीस सांगितले होते. मी पस्तीस करत होते. तुझे रविवार वाया चाललेत म्हणून." तिचा आवाज नेहमीएवढाच हळू होता. "दुखायचं तेव्हा मी तुझा विचार करायचे. दादाने एवढं सोडलंय, मला एवढं सोसता येत नाही का, म्हणून. ही रेघ बघ. चौथा रविवार आहे. त्या दिवशी मी चाळीस केले होते. तेव्हा तू पाचव्या खांबापाशी रडत होतास."

दादा उठला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर द्यायचं त्याचं रोजचं काम, पण आता त्यानेच खुर्चीची पाठ धरून ठेवली.

"मी सांगणार होतो," शेवटी तो म्हणाला. "दर बुधवारी ठरवून यायचो. इथे आलो की तू रेघ दाखवायचीस. मग धीर व्हायचा नाही."

"म्हणून सुस्कारे टाकायचास?"

"सुस्कारे खरे होते गं. भाऊजी किती वाईट फेकतात तुला माहीत नाही. नुसतं बघत उभं राहायचं म्हणजे..."

"अहो!" नवरा म्हणाला. "एका फेकीत मारलीय मी."

"आंधळ्याच्या हाती लागलं ते!"

"सही तर मारलीत ना, साक्षीदार म्हणून?"

"बास," ती म्हणाली.

दोघं बसले. तिने जुनी डिस्क उचलली, फडक्याने पुसली आणि नवऱ्यासमोर ठेवली.

"ही तुमची. रीत आहे. भिंतीला लावा."

"अगं पण ती तुझी..."

"माझी होती. आता हिच्यावर तुमची सही आहे. ही परत फेकता यायची नाही." तिने भुकटीने घासलेली नवी उचलून निळ्या पिशवीत ठेवली. "मला ही पुरे."

नवऱ्याने डिस्ककडे पाहिलं. तिला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही.

दारापर्यंत दादा गेला आणि परत आला. करड्या पिशवीकडे त्याने पाहिलंही नाही.

"मुंगे, तू पहिली टाकशील तेव्हा मी असेन ना?" त्याने विचारलं. "मला स्वतःला खेळायचं म्हणून नाही. शपथ. नुसतं उभं राहीन. गप्प राहीन."

ती चहाचे कप गोळा करत होती. दोन्ही तसेच भरलेले होते, वर साय आली होती. तिने ते स्वयंपाकघरात नेले आणि नळ सोडला.

*

पुढचे आठवडे घर गुळगुळीत शांत होतं. नवरा रविवारी घरी राहू लागला. सकाळी लवकर जाग यायची, तो उठून खिडकीत उभा राहायचा, आणि हात मागेपुढे झुलवायचा. ती आली की हात खिशात घालायचा. एकदा तिने त्याला औषधाच्या डबीचं झाकण पलंगावर सोडताना पाहिलं. थाळीज्वरावर औषध निघालेलं नव्हतं हे त्यानेच सांगितलं होतं.

दादाचा बुधवार चुकला नाही. तो यायचा, भिंत बघायचा नाही, जबड्यांना शुभेच्छा द्यायचा आणि जायचा. ती त्याला चहा करून द्यायची. साखर विसरायची नाही. बोलायची तेवढंच, जेवढं लागतं.

ती दिवसाला वीसच करत होती. एकविसावा नाही. आता दुखत नव्हतं, आणि त्याचंच तिला नवल वाटायचं.

एका शनिवारी व्यायामवाल्या बाईंनी तिचा हात डोक्यावर नेला, मागे वळवला, गोल फिरवला.

"मोकळा झाला. हळूहळू सुरू करा. जोर नाही लावायचा."

"जोर लावायचाच नसतो," ती म्हणाली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. नवऱ्याने त्याला कळवलं होतं. फोन नवऱ्यानेच घेतला होता, तो तिच्या कानाशी धरून उभा राहिला.

"उद्या सातला गाडी घेऊन येतो," दादा म्हणत होता. "तुला वाटलं तर ये. नाही वाटलं तर आम्ही दोघं नुसते बसू गाडीत. भाऊजींनी पाणी भरून ठेवलंय. मी हात लावलेला नाही गं अजून. खरंच नाही. मध्ये तर बघायलाही गेलो नाही."

तिला ते खरं वाटलं. त्याचा आवाज खरं बोलताना जसा जाडसर व्हायचा तसा झाला होता.

"बरं," ती म्हणाली. नवऱ्याने तो होकार धरला आणि रात्री तिच्या बुटांची नाडी स्वतः बदलून ठेवली.

रविवारी पाचला ती उठली. नवरा कुशीवर झोपला होता, साडेसहाचा गजर उशाशी ठेवून. तिने आंघोळ केली, रोजचं म्हणायचं ते म्हणून घेतलं, केस घट्ट बांधले. कामाच्या खोलीत येऊन निळी पिशवी खुंटीवरून काढली. करडी एकटीच लोंबत राहिली. तिने पिशवी उघडून आतल्या डिस्क मोजल्या, एक जड बाजूला काढली, नवशिक्या हाताला पेलतील अशा दोन हलक्या वर ठेवल्या. मग जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवलेल्या होत्या, त्यांतली एक घेतली.

जिना उतरताना तिने कठड्याला उजव्या हाताने धरून पाहिलं. धरवलं.

चौकात दोन रस्ते फुटत होते. उजवीकडचा मैदानाच्या मोठ्या फाटकाकडे जायचा, जिथून ती आणि दादा अकरा वर्षं आत शिरत आले होते. ती डावीकडे वळली, तळ्याच्या बाजूने. सहाला दहा मिनिटं कमी होती. तिने पाऊल जरा उचललं.